मराठीत सांगता येत नाही म्हणे!

एका हायस्कूलच्या मुख्याध्यापकाने वाइनवर लिहावे, आणि तेही दिवाळी अंकात, हे काही वाचकांना रुचणार नाही याची मला पूर्ण कल्पना आहे. आमच्या शाळेच्या भिंतीवरची व्यसनमुक्तीची घोषणा मीच रंगवून घेतली आहे आणि हा लेख छापून आल्यावर ती पुसण्याचा माझा विचार नाही. वाइन ही दारूच. बाटलीवर शेकडा साडेबाराच्या आसपास मद्यार्काचा आकडा छापलेला असतो आणि बाटली फ्रान्सची आहे म्हणून तो आकडा कमी होत नाही. रोज पेलाभर घेतल्याने काळीज बळकट होते असे सांगत फिरणाऱ्यांच्याही नादी लागू नये. मद्याचे निर्धोक असे कोणतेच प्रमाण नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्वच्छ शब्दांत सांगितले आहे. तेव्हा ज्यांना एवढ्यावरच पान उलटून पुढच्या कथेकडे जायचे असेल त्यांनी खुशाल जावे. (जाताना आपल्या कपाटात द्राक्षासवाची बाटली आहे का, तेवढे मात्र पाहून घ्यावे. तेही आंबवूनच होते.)

माझे भांडण वाइनशी नाही, एका वाक्याशी आहे. ‘मराठीत सांगता येत नाही.’ गेली तीस वर्षे हे वाक्य ऐकून माझे कान किटले आहेत. विज्ञान मराठीत सांगता येत नाही, संगणक मराठीत सांगता येत नाही, मुलाखतीत स्वतःविषयी दोन शब्द मराठीत सांगता येत नाहीत. दर जूनमध्ये दाखला न्यायला आलेला पालक माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसून हेच सांगतो आणि मी दाखल्यावर सही करतो. एकेकाळी आमच्या आठवीच्या दोन तुकड्या होत्या. आता एक आहे आणि तिच्यातही मागची बाके रिकामी असतात. पण हे वाक्य मला बोर्डोच्या वाइनचा पेला हातात असताना, प्रत्यक्ष बोर्डो शहरात ऐकावे लागेल, आणि तेही माझ्या पोटच्या मुलाकडून, असे कधी वाटले नव्हते.

मुलगा फ्रान्समध्ये तुलूज येथे विमानांच्या कंपनीत इंजिनिअर आहे. गेल्या उन्हाळी सुट्टीत आम्ही उभयता त्याच्याकडे गेलो होतो. एका शनिवारी त्याने आम्हाला आगगाडीने बोर्डोला नेले. दोन तासांचा प्रवास. तिथल्या एका जुन्या दुकानाच्या मागच्या खोलीत त्याने एक बाटली सांगून ठेवली होती : लेओविल-बार्तों, १९९६. ते त्याचे जन्मसाल. “बाबा, माझ्याएवढीच आहे ही,” म्हणाला. खोलीत आम्ही सहा जण. आम्ही दोघे, मुलगा, त्याच्या कंपनीतले दोन मित्र, म्हणजे एक पुण्याचा आणि एक धारवाडचा कानडी मुलगा, आणि दुकानाचे मालक, साठीच्या घरातले फ्रेंच गृहस्थ.

हा मळा बोर्डोच्या उत्तरेला, जिरोंदच्या रुंद खाडीच्या काठी आहे. ‘बार्तों’ हे मूळचे आयर्लंडचे बार्टन. त्यांचा पूर्वज अठराव्या शतकात व्यापारासाठी बोर्डोला आला, त्याच्या वंशातल्या ह्यू बार्टनने १८२६ साली लेओविलच्या मळ्याचा हिस्सा विकत घेतला आणि तो आजही त्याच घराण्याकडे आहे. पोटासाठी परमुलखात जाऊन पिढ्यान् पिढ्या तिथलेच झालेले घराणे म्हटल्यावर मला आपली ग्वाल्हेर-बडोद्याची मंडळी आठवली. १८५५ साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी बोर्डोच्या दलालांनी बाजारभाव पाहून इथल्या नामांकित मळ्यांच्या पाच इयत्ता ठरवल्या, त्यात हा मळा दुसऱ्या इयत्तेत बसला. त्यानंतर आजवर खालच्या इयत्तेतून वर चढलेला मळा एकच, मुतों-रोथशिल्ड, १९७३ साली. एकशे अठरा वर्षांत एकच विद्यार्थी पास! आमच्या शाळेचा असा निकाल लागला असता तर मला घरी बसवले असते.

बाटली आदल्या दिवसापासून उभी करून ठेवली होती, गाळ तळाशी बसावा म्हणून. बूच निघताना अर्ध्यात मोडले. मालकांनी न गडबडता उरलेला तुकडा अलगद काढला, एक मेणबत्ती पेटवून तिच्या उजेडावर बाटलीची मान धरली आणि एका धारेत, हात जराही न हलवता, वाइन काचेच्या सुरईत ओतली. मानेशी काळसर गाळाची रेघ दिसताच हात थांबला. बोटभर वाइन बाटलीत राहिली. आमची सौ. माझ्या कानाशी म्हणाली, “तूप कढवून वरचं नितळ ओतून घेतो आणि बेरी मागं ठेवतो, तसंच की हे.” अगदी तसेच होते.

पेला तिरपा करून पांढऱ्या कागदावर धरला. मध्ये गडद लाल, पण कडेला रंग उतरून विटकरी झालेला, जुन्या मंगलोरी कौलासारखा. तरुण वाइन कडेला जांभळी असते. कडेच्या रंगावरून वय ओळखता येते, हे मालकांनी दाखवले.

इतक्यात मुलाने मोबाइल काढला आणि पेल्याला नाक लावण्याआधीच वाचायला सुरुवात केली. ब्लॅककरंट, सीडर, सिगार बॉक्स, ग्रॅफाइट, लेदर, फॉरेस्ट फ्लोअर. शिवाय शंभरपैकी गुण. (अमेरिकेच्या रॉबर्ट पार्कर या समीक्षकाने रूढ केलेल्या ह्या पद्धतीत गुण पन्नासपासून सुरू होतात. इतके ग्रेस मार्क आमचे बोर्डही देत नाही.) पुण्याचा मुलगा प्रत्येक शब्दाला मान डोलावत होता.

“ब्लॅककरंट खाल्लंयस का रे कधी?” मी त्याला विचारले.

“हो काका. आइस्क्रीममध्ये.”

मग मी घोट घेतला. तोंडातून पहिला शब्द निघाला, “तुरट.” आणि दुसरा घोट जिभेवर जरा घोळवल्यावर, “पण मुरलेली आहे.”

मुलगा हसला. कुत्सित नव्हे, मायेनेच हसला. म्हणाला, “बाबा, टॅनिन्स म्हणतात त्याला. हे मराठीत सांगता येत नाही.”

धारवाडचा मुलगा पेल्यातच नाक घालून होता. तो सहज म्हणाला, “आमच्यात ओगरु म्हणतात की.”

आता ते वाक्य तपासून पाहू. टॅनिन हा पदार्थ झाला. तो द्राक्षाच्या सालीत, बीत असतो, आणि ज्या ओकच्या पिंपात वाइन ठेवतात त्या लाकडातूनही थोडा येतो. पदार्थाला टॅनिन म्हणायला माझी हरकत नाही. ऑक्सिजनला आपण ऑक्सिजन म्हणतोच. पण मुलाने मला पदार्थ विचारला नव्हता, मी चव सांगत होतो. त्या चवीला मराठीत हजार वर्षे वापरून गुळगुळीत झालेला शब्द आहे. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट. ही यादी आमच्या शाळेत येण्यापूर्वीच पोराला पाठ असते. कच्चे जांभूळ, हिरडा, सुपारी, कोवळे केळे, आवळ्याचा पहिला चावा. गोव्याच्या वाचकाला तर काजूच्या बोंडाने घसा धरतो म्हणजे काय होते ते सांगायला नकोच. बडोद्यात शेजारीण त्याला तूरो म्हणते, इंदूरकडे कसैला म्हणतात, आमच्याकडे अर्धा गाव ओगरु म्हणतो. इंग्रजाचे मात्र इथे अडते. त्याच्याकडे ‘अ‍ॅस्ट्रिंजंट’ आहे, पण तो लॅटिनमधून आणलेला, पुस्तकातला शब्द. त्याची आजी तो वापरत नाही. बोलताना तो ‘ड्राय’ म्हणतो, आणि ज्या वाइनमध्ये साखर उरलेली नाही तिलाही तो ‘ड्राय’च म्हणतो. मग तोंड सुकले ते कशाने आणि गोडी नाही ती कशाची, ह्या घोटाळ्यात वाइनचे नवे विद्यार्थी दरवर्षी सापडतात. बोर्डोच्या लाल वाइनचा कणा जो तुरटपणा, त्याच्यासाठी ज्या भाषेकडे घरगुती शब्द नाही तिच्यातून ती सांगता येते, आणि ज्या भाषेत दोन वर्षांच्या पोराला तो शब्द ठाऊक आहे तिच्यात सांगता येत नाही!

तुरट म्हणजे नुसती चव नव्हे, तो स्पर्शही आहे. लाळेतली प्रथिने टॅनिनला जाऊन चिकटतात, जिभेचे वंगण जाते आणि तोंड आवळल्यासारखे होते. हे आजच्या रसायनाने सांगितले. चरकाने कषाय रसाचे वर्णन करताना तो जीभ स्वच्छ करतो, ताठ करतो, जड करतो आणि गळा जणू बांधून धरतो असे म्हणून ठेवले आहे. चरकाने बोर्डो चाखलेली नव्हती, आणि विमानेही आमचीच म्हणणाऱ्यांच्या पंगतीत मला पान मांडायचे नाही. मुद्दा एवढाच, की तोंडात काय झाले हे नेमके पाहून नेमके सांगण्याची सवय आपल्याकडे नवी नाही. मुख्य चवीमागून उमटणाऱ्या चवीला आयुर्वेदात अनुरस असा शब्द आहे. मोबाइलमधल्या टिपणात ‘लाँग फिनिश’ असे होते. घोट गिळल्यानंतर जांभळाची आंबट-गोड चव जिभेवर रेंगाळत राहिली आणि ती ओसरल्यावर अगदी मागून सुपारीच्या खांडाची आठवण आली. हे मी मराठीतच अनुभवले, दुसरी भाषा मध्ये आली नाही.

आता मुरण्याविषयी. ही बाटली जवळजवळ तीस वर्षे अंधारात आडवी पडून होती. तेवढ्या काळात तिच्यात काय झाले? टॅनिनचे कण एकमेकांना आणि रंगद्रव्याला जोडले गेले, जड झाले, त्यातले काही गाळ होऊन तळाशी बसले. ताज्या फळाचा वास हळूहळू मागे गेला आणि दुसरेच काही पुढे आले. तुरटपणा गेला नाही, त्याची धार गेली. आता हे आईच्या लोणच्याच्या बरणीविषयी सांगायचे असते तर तुम्ही काय म्हटले असते? मुरले म्हटले असते. कैरीचा कच्चेपणा गेला, मिठाचा मीठपणा गेला, मोहरीचा चढेलपणा गेला, आणि तिन्ही मिळून चौथेच काही झाले. पाणी जमिनीत मुरते, गवयाचा गळा मुरतो, कचेरीतला कारकून मुरतो (तो तर फारच), आणि कुठेतरी पाणी मुरतेय असेही आपण म्हणतो. ‘एज्ड’ नुसते वय सांगतो. ‘मॅच्युअर’ वयात आल्याचे सांगतो. वय झाले आणि मुरलेच नाही, असेही पुष्कळांचे होते, वाइनचे आणि माणसांचेही. तो फरक ह्या एका क्रियापदात आहे. आणि वेळ टळून गेलेल्या बाटलीला ‘उतरली’ म्हणावे. कुठलाही लोणचेवाला समजेल.

वासाकडे येऊ, कारण खरी फजिती तिथेच होती. सौ.ने पेल्याला ओठ लावले नाहीत. पण आग्रह केल्यावर वास मात्र घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, “आमच्या वाड्यामागची वखार.” ती निपाणीची आहे. तंबाखूच्या वखारीशेजारी तिचे बालपण गेले. मुलाच्या मोबाइलमध्ये ‘सिगार बॉक्स’ होते. त्या सहा जणांत सिगारची पेटी आयुष्यात उघडलेला माणूस बहुधा दुकानाचा मालक एकटाच. पण ‘सिगार बॉक्स’ हे ज्ञान ठरले, आणि वखार ही आईची गंमत ठरली.

‘सीडर’ आणि ‘ग्रॅफाइट’ तर माझ्या रोजच्या नाकातले. नवी पेन्सिल तासली की लाकडाचा आणि शिशाचा जो एकत्र वास येतो तो. जूनमध्ये पहिलीच्या वर्गात शिरा, दारातच येईल. ‘लेदर’साठीही लांब जायला नको. आमच्या जिल्ह्यात अथणी-निपाणीकडे कोल्हापुरी वहाणा होतात; त्यांचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावतात. ही कातडी कमावण्याची क्रिया म्हणजे इंग्रजीत ‘टॅनिंग’, आणि टॅनिन हा शब्द तिथूनच निघाला! म्हणजे ज्या तुरट द्रव्याने वहाण तयार होते त्याच कुळातल्या द्रव्याने ही वाइन तीस वर्षे तग धरून राहिली. आमच्याकडचा चांभार हिरड्याचे पाणी बोटाने चाखून पाहील आणि तुम्हाला टॅनिन समजावून देईल, पण त्याला कोणी बोर्डोच्या दुकानात बोलावणार नाही. ‘फॉरेस्ट फ्लोअर’ म्हणजे काय? चोर्ला घाटात जूनच्या पहिल्या पावसानंतर पाय रुतणारा ओला पाचोळा, त्याखालची अळंबी. आणि तरुण कॅबर्नेमध्ये कधी कधी जो हिरवट वास येतो तो ढब्बू मिरचीचा. तो तर ‘सारखा’ही नव्हे, ढब्बू मिरचीत आणि त्या द्राक्षात वास देणारे द्रव्य एकच आहे.

राहिले ब्लॅककरंट. मालकांनी मला त्याचा मुरंबा चाखायला दिला. काळेभोर, आंबटगोड, थोडे उग्र फळ. मी म्हणालो, करवंदाच्या गावचे आहे, पण करवंद नव्हे. मुलगा म्हणाला, करवंद फ्रेंचमध्ये कसं सांगू? मला तेव्हा सुचले नाही, आता सांगतो. इंग्रज आपल्याकडे आला, त्याने करवंद पाहिले, चाखले, आणि काय नाव दिले? ‘बेंगॉल करंट’. त्याच्या घरच्या फळाचे नाव त्याने आपल्या करवंदाला बिनदिक्कत लावले. इंग्रजीत हे फळ सांगता येत नाही म्हणून तो रडत बसला नाही. मग आपण त्याच्या करंटला फ्रान्सचे करवंद म्हटले तर काय बिघडते?

मालकांनी ‘जांभूळ’ म्हणजे काय ते विचारले. मुलाने खूप हातवारे केले. ते शांतपणे म्हणाले, मी ते फळ खाल्लेले नाही, त्यामुळे मला होय किंवा नाही म्हणता येत नाही. मला हे उत्तर फार आवडले. आमच्या बाजूने इतके प्रामाणिक उत्तर एकानेही ब्लॅककरंटविषयी दिले नव्हते.

कोणी म्हणेल, मास्तर, ह्या क्षेत्रात पिढ्यान् पिढ्यांची परिभाषा आहे, तुम्ही तंबाखूची वखार घेऊन कुठे चाललात? पण ही परिभाषा आकाशातून पडलेली नाही. बोर्डोच्याच एमिल पेनो या प्राध्यापकांचा वाइनच्या चवीवरचा प्रसिद्ध ग्रंथ १९८० सालचा. कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅन नोबल यांचे वासांचे चक्र, जे आज जगभर वर्गांतून टांगलेले असते, ते १९८४ सालचे. म्हणजे माझी शाळा त्या चक्रापेक्षा जुनी आहे! आणि त्या बाईंनी केले काय? वासांचे नमुने म्हणून बाजारात मिळणाऱ्या साध्या खाण्यापिण्याच्या वस्तू घेतल्या. त्यांच्या बाजारातल्या, कारण त्यांचे विद्यार्थी तिथले. मास्टर ऑफ वाइन ही पदवी २००८ साली मिळवणाऱ्या पहिल्या आशियाई व्यक्ती जिनी चो ली, हाँगकाँगच्या. त्यांनी आशियाच्या जिभेला ओळखीच्या चवींत वाइन कशी सांगावी यावर ग्रंथच लिहिला. त्यांना कोणी अडाणी म्हटले नाही. परिभाषा ज्याला हवी असते तो करतो, बाकीचे पाठ करतात.

आणि पाठ करण्याने काय होते तेही बोर्डोतच सिद्ध झाले आहे. तिथल्या विद्यापीठात वाइनशास्त्राच्या चोपन्न विद्यार्थ्यांना एक पांढरी वाइन दिली, तिच्यात वास-चव नसलेला लाल रंग मिसळून. विद्यार्थ्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. फ्रेदेरिक ब्रोशे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रयोग २००१ साली प्रसिद्ध केला. डोळ्याने रंग पाहिला आणि नाकाने मुकाट्याने त्या रंगाचे शब्द म्हटले! ही फ्रेंच मुले, ही त्यांची मातृभाषा, आणि तरीही पाठांतराने नाक बुजवले. मग माझ्या मुलाने पेला उचलण्याआधी मोबाइलमधून सहा शब्द वाचले, तेही परक्या फळांचे, तेव्हा त्याच्या नाकाने काय करायचे?

बोर्डोची एक गोष्ट आपल्या सीमाभागाने विशेष ऐकावी. हा मुलूखही दोन राजांच्या ओढाताणीतला. ११५२ साली ॲक्विटेनच्या एलेनॉर राणीचे लग्न पुढे इंग्लंडचा राजा झालेल्या हेन्रीशी झाले आणि १४५३ पर्यंत, तीनशे वर्षे, बोर्डो इंग्लंडच्या राजाकडे राहिले. इंग्रज तिथल्या लाल वाइनला आजही ‘क्लॅरेट’ म्हणतो ती त्या काळची ओळख. पण मळ्यात राबणाऱ्या माणसाची भाषा ना इंग्रजी होती ना फ्रेंच. ती होती गास्कन. द्राक्षे त्या भाषेत छाटली जात, तुडवली जात. सोळाव्या शतकात मॉंतेन हा थोर लेखक बोर्डोचा नगराध्यक्ष होता. विद्वान लॅटिनमध्ये लिहीत त्या काळात त्याने निबंध फ्रेंचमध्ये लिहिले, आणि वर म्हणाला की जिथे फ्रेंच पोचत नसेल तिथे गास्कन पोचू दे. केवढा मोठेपणा! पुढे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सक्तीच्या शाळा आल्या, फ्रेंच माध्यमाच्या. आपल्या बोलीत बोलणाऱ्या पोराला तिथे शिक्षा होई, आणि ती शिक्षा करणारे मास्तर पुष्कळदा त्याच मातीतले असत. आज युनेस्कोच्या धोक्यातल्या भाषांच्या यादीत गास्कनचे नाव आहे. मी मालकांना विचारले, तुम्हाला येते का? म्हणाले, आजोबांना यायची.

मास्तर त्याच मातीतले असत, हे वाक्य लिहिताना माझी लेखणी अडखळली, ते का ते सांगतो. हा माझा मुलगा मराठी शाळेत गेलेला नाही. २००२ च्या जूनमध्ये मी त्याला शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घातले. त्याच महिन्यात मी खेडोपाडी फिरून पालकांना मातृभाषेतल्या शिक्षणाचे महत्त्व पटवत होतो. एका ओसरीवर एका म्हाताऱ्याने विचारलेच, “सर, तुमचं पोरगं कुठल्या शाळंत हाय?” मी पावसाचा विषय काढला.

मुलगा घरात उत्तम मराठी बोलतो. आईशी भांडतो तेही मराठीत. पण जेवायला मराठी आणि जेवणाविषयी विचार करायला इंग्रजी, अशी त्याच्या डोक्यात वाटणी झाली आहे, आणि ती वाटणी मी करून दिली आहे. तुरट हा शब्द त्याला येत नव्हता असे नव्हे. येत होता. तो ज्ञानाचा शब्द आहे, चार माणसांत मोठ्याने म्हणण्याचा आहे, हे त्याला कोणी शिकवले नव्हते. त्यामुळे त्याच्यावर रागावण्याचा अधिकार मला किती, हे वाचकांनी ठरवावे.

आणि आता आपल्या बाजूच्या शूरांविषयी, कारण तेही काही कमी नाहीत. हा लेख वाचून कोणी तरी परिभाषा समिती नेमा म्हणेल, आणि ती समिती दोन वर्षांनी ‘मद्यरसास्वादनिकष’ असला शब्द घेऊन येईल. असल्या शब्दांनी मराठीचे इंग्रजीपेक्षा जास्त नुकसान केले आहे. लोकांनी ते पाहिले आणि ठरवले, बरोबर आहे, मराठीत सांगता येत नाही. अहो, मातकट, धुरकट, खवट, ओशट, आंबूस, खरपूस, पाणचट, मचूळ, सपक, मिळमिळीत, राठ! पाणचट वाइन म्हटल्यावर आणखी काय सांगायचे राहिले? बाई रोज स्वयंपाकघरात हे शब्द वापरते. ते तिथून उचलून चौकात आणायचे, एवढेच काम आहे, आणि तेच आपल्याला हलके वाटते. इंग्रजी शब्द शिकू नयेत असे मी मुळीच म्हणत नाही. बोर्डोत व्यापार करायचा असेल तर फ्रेंच शिका, लंडनला विकायची असेल तर ब्लॅककरंट म्हणा. दोन भाषांत वाढलेल्या माणसाला तिसरी जड जात नाही, हे आपल्यापेक्षा कोणाला अधिक ठाऊक? पण आपल्या जिभेला काय लागले हे आधी आपल्याला तरी सांगता आले पाहिजे.

त्या दिवशी हे सगळे मी बोललो नाही. सुरई रिकामी झाली. शेवटच्या पेल्यात, तासाभराने, फळाचा वास जवळजवळ गेला होता आणि नुसती वखार उरली होती. जुनी वाइन हवेत फार वेळ टिकत नाही, मालक म्हणाले. बाटलीतला गाळ मी मागून घेऊन बोटाने चाखला. वाळूसारखा कचकच, आणि अस्सल तुरट. धारवाडच्या मुलानेही चाखला. माझ्या मुलाने नाही.

परवा गणपतीत त्याचा फोन आला. खुशाली झाली आणि मग म्हणाला, “बाबा, पावसाळ्यात गुंडाळून ठेवलेल्या सतरंजीला वास येतो ना, त्याला आपण काय म्हणतो?”

“कुबट.”

“हां, कुबट! काल एक बाटली उघडली, हाच वास. दोन दिवस शब्द आठवत नव्हता.”

बुचात कधी कधी एक बुरशीजन्य द्रव्य उतरते, त्याने वाइन अशी नासते. अशी बाटली दुकानदार परत घेतो. मी विचारले, “मग दुकानात जाऊन काय सांगितलंस?”

“‘कॉर्क्ड’ म्हणालो. तेवढं पुरतं त्यांना.” मग जरा थांबून, “आईला दे फोन.”